टू-सीव्हीवर किट कार: ब्रिटनमध्ये बांधणी आणि नोंदणी

सित्रोएन टू-सीव्ही या जुन्या फ्रेंच गाडीवर किट कार, म्हणजे बॉडीचे तयार भाग विकत घेऊन घरी बांधायची गाडी, करायची ठरवली की पहिला निर्णय बॉडीच्या आकाराचा किंवा रंगाचा नसतो, चासीचा, म्हणजे खालच्या सांगाड्याचा असतो. मूळ चासी जशीच्या तशी ठेवणार, ती कापणार, की किटवाल्याची नवी चासी घेणार? ब्रिटनमध्ये गाडीला कोणता नंबर मिळेल, कोणती तपासणी लागेल आणि किती खर्च येईल, हे सगळं यावर ठरतं. बरेच जण आधी ग्राइंडर चालवतात आणि मग नियम वाचतात. क्रम उलटा ठेवा.

टू-सीव्ही निवडण्यामागे कारणं आहेत. १९४८ ते १९९० अशी बेचाळीस वर्षं ती बनत राहिली, त्यामुळे सुटे भाग अजून नवे मिळतात. बॉडीवर भार नाही. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, स्टेअरिंग सगळं एका सपाट पेटीसारख्या चासीवर बसलेलं असतं आणि बॉडी वरून बोल्टने आवळलेली असते. बॉडी उचलून बाजूला ठेवली तरी खाली चाकांवर उभी, चालू होणारी गाडी उरते. ६०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन हवेनं थंड होतं, म्हणजे रेडिएटर नाही, पाण्याचे पाइप नाहीत. ताकद जेमतेम २९ अश्वशक्ती, पण मूळ गाडीच सहाशे किलोच्या आसपास आहे आणि किटची बॉडी मूळ बॉडीहून बरीच हलकी असते.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. जुन्या मारुती ८०० वर फायबरची बॉडी चढवून आरटीओत जाल तर नोंदणी होणार नाही. खाली जे आहे ते ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी.

कोणत्या चासीला कोणता नंबर

ब्रिटनमध्ये वाहनांची नोंदणी डीव्हीएलए हे सरकारी खातं करतं. मूळ चासी काहीही न बदलता वापरली आणि त्याच गाडीचे आणखी दोन मोठे भाग ठेवले तर जुनाच नंबर राहतो. मोठे भाग म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही एक्सल, पुढचं-मागचं सस्पेन्शन आणि स्टेअरिंग. नेदरलँड्सच्या बर्टनसारखी, टू-सीव्हीच्या चासीवरच बसणारी बॉडी घेतली तर हा मार्ग खुला असतो.

किटवाल्याची नवी चासी आणि एकाच जुन्या गाडीचे दोन मोठे भाग असतील तर त्या गाडीच्या वयाचा नंबर मिळतो, पण आधी आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीची रस्त्यावर येण्याआधीची सरकारी तपासणी, पास करावी लागते. पेम्बल्टनसारख्या, स्वतःच्या नळ्यांच्या सांगाड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या या वाटेने जातात. भाग इथून-तिथून जमवलेले असतील, कशाचं वय सिद्ध होत नसेल, तर क्यू अक्षराने सुरू होणारा नंबर मिळतो. तो रस्त्यावर चालतो, पण विकताना किंमत पाडतो.

मागे एकच चाक असलेली गाडी, म्हणजे लोमॅक्स २२३ च्या धर्तीची, हे प्रकरण निराळं. तीनचाकीला आयव्हीए नाही, एमएसव्हीए ही मोटरसायकल-तीनचाकींची तपासणी लागते. आणि मागचं चाक बसवण्यासाठी चासी कापली तर 'न बदललेली चासी' हा दावा संपला. चारचाकी करायची असेल तर चासीला एक ब्रॅकेटसुद्धा वेल्ड करण्याआधी थांबा आणि किटवाल्याला विचारा, त्याच्या आधीच्या ग्राहकांचे कागद डीव्हीएलएने कसे स्वीकारले ते.

बदल केलेल्या जुन्या गाड्यांबाबतचं डीव्हीएलएचं धोरण २६ ऑगस्ट २०२५ पासून बदललं आहे. म्हणून दहा वर्षांपूर्वी कुणी लिहिलेल्या अनुभवावर विसंबू नका. सरकारी संकेतस्थळावरचं चालू पान छापून फाइलला लावा.

जुनी गाडी घेताना

बॉडी फेकूनच द्यायची आहे, म्हणून गंजकी गाडी स्वस्तात घ्यावी, असा मोह होतो. टू-सीव्हीत बॉडीइतकीच चासीही सडते, आणि ती आतून सडते. पातळ पत्र्याची बंद पेटी, आत ओल अडकते, वरून रंग शाबूत दिसतो. छोटी हातोडी घेऊन तळाच्या दोन्ही कडा पुढून मागपर्यंत ठोकत जा. खणखणीत आवाजाऐवजी भदभद आवाज आला की तिथे स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबा. पुढच्या एक्सलच्या आसपासचा भाग नीट पाहा. मग तळाला लांबीभर दोरी ताणा. मधे फट दिसली तर चासी वाकलेली आहे, आणि वाकलेली चासी सरळ करण्याच्या भानगडीत पडू नये.

किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा, खेळ तपासताना एक खाचखळगा आहे. बहुतेक गाड्यांत चाक वर-खाली हलवून पाहताना दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगतात. हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, नाही थांबलं तर जोडाचा. टू-सीव्हीत पुढचे ब्रेक चाकात नसतात, गिअरबॉक्सला लागून असतात, म्हणून ही युक्ती चालत नाही. एकाने चाक हलवावं, दुसऱ्याने टॉर्च धरून किंगपिन आणि आर्म यांच्या सांध्याकडे बघावं. किंगपिन बदलणं हे प्रेस आणि रीमरचं काम आहे, ते जाणत्याकडेच द्या. झिजण्याचं कारण बहुतेक वेळा एकच: दर हजार किलोमीटरला मारायचं ग्रीस कुणी मारलेलं नसतं.

गिअरबॉक्सचा दुसरा गिअर खाली टाकताना कुरकुरतो का ते पाहा. गिअरबॉक्सच्या बाजूचे ऑइल सील गळत असतील तर तेल थेट ब्रेक डिस्कवर येतं. मागच्या हबचा नट ४४ मि.मी.चा असतो आणि भयंकर आवळलेला असतो, तेव्हा गाडी चाकांवर उभी असतानाच तो सैल करून पाहा. नंतर घोड्यांवर (अ‍ॅक्सल स्टँडवर) चढवलेल्या हलक्या चासीवर लांब दांडा लावून जोर केला तर सगळं खाली यायचं.

कागदांत व्ही-५-सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हवंच. गाडी भंगारात काढल्याचा दाखला एकदा निघाला असेल तर ती ओळख परत मिळत नाही. ओळखपट्टी टू-सीव्हीत बॉडीच्या पुढच्या भिंतीवर असते, म्हणजे जी बॉडी तुम्ही काढणार तिच्यावरच. काढण्याआधी जागेवर असतानाचे फोटो घ्या, पट्टी जपून ठेवा, आणि नव्या बॉडीवर लावण्याआधी डीव्हीएलएला लेखी विचारा. काम चालू असेपर्यंत गाडी रस्त्यावर नाही हे सॉर्न नावाचं निवेदन भरून डीव्हीएलएला कळवावं लागतं.

उघडणं

दरवाजे, बॉनेट, मडगार्ड काढले की उरलेली बॉडी चार माणसं उचलतात. खालचे बोल्ट गंजून बसलेले असतात, त्यांच्याशी झटत बसू नका, कापा. वायरिंग मात्र कापायची नाही. प्रत्येक जोडाला चिकटपट्टीने नाव द्या, फोटो घ्या, मग सोडवा. स्टेअरिंग कॉलम, किल्लीचं लॉक, ब्रेक आणि क्लचची पेडल, हँडब्रेकचा दांडा, वायपरची मोटर यातलं काहीही विकू नका. यातलं निम्मं तपासणीत लागतं.

चासी रिकामी झाली की पुढच्या-मागच्या एक्सलच्या बोल्टांच्या भोकांमधले कर्ण मोजा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. गंज खरवडून, किरकोळ जागी पत्रा घालून, आत पोकळीत मेण फवारून ती वापरता येते. जास्त पोखरली असेल तर मूळ मापाची जस्ताचा मुलामा दिलेली नवी चासी मिळते आणि ती मूळ चासीपेक्षा दणकट असते. पण ती विकत घेण्याआधी डीव्हीएलएचं लेखी उत्तर हातात ठेवा, आणि बिलावर 'मूळ मापाची बदली चासी' असं स्पष्ट लिहून घ्या.

ब्रेक: हिरवं की पिवळं

या गाडीत सगळ्यात महाग पडणारी चूक ब्रेकच्या तेलाची आहे. १९८१ पासून टू-सीव्ही-सिक्सला, म्हणजे ६०२ सीसीच्या मॉडेलला, पुढे डिस्क आल्या आणि त्याबरोबर एलएचएम नावाचं हिरवं खनिज तेल आलं. त्याआधीच्या चारही ड्रमवाल्या गाड्यांत नेहमीचं पिवळसर, डॉट प्रकारचं तेल असतं. दोघांचे रबर वेगळे. एलएचएमच्या गाडीत डॉट ओतलं की सील फुगतात, मऊ पडतात, आणि पेडल कधीतरी तळाला जातं. हे लगेच होत नाही, हाच धोका. टाकीचं झाकण हिरवं दिसलं म्हणून खात्री मानू नका, थोडं तेल पांढऱ्या कागदावर घेऊन रंग बघा. कुणी चुकीचं तेल ओतलंय अशी नुसती शंका असली तरी फ्लश करून भागत नाही. मास्टर सिलिंडर, कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर, लवचीक नळ्या, सगळ्यांचे रबर बदला.

धातूच्या नळ्याही निराळ्या आहेत. एलएचएमच्या गाडीत साडेतीन मिलिमीटरची नळी, आणि टोकाला छोटी रबरी बाही घालून सील केलेली. नेहमीच्या दुकानातली पावणेपाच मिलिमीटरची नळी तिथे बसत नाही, आणि कुणी बसवून दिली तर ती गळणार. टू-सीव्हीचे भाग विकणाऱ्याकडून तयार संच मागवा. बसवताना दर ३०० मि.मी.ला क्लिप, पत्र्यातून जाते तिथे रबरी कडी. पेट्रोलच्या नळीला आणि वायरींनाही हाच नियम लावा, म्हणजे तपासणीच्या दिवशी कुठे लोंबतं आहे ते शोधावं लागत नाही.

हँडब्रेक पुढच्याच डिस्कवर, स्वतःच्या वेगळ्या छोट्या पॅडवर चालतो. ते पॅड तेलकट असतील तर घासून उपयोग नाही, नवे घाला, पण आधी गळती बंद करा.

इंजिन

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच बदलून घ्या. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनवर ०.२० मि.मी., इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हीला सारखं. ठिणगी जुळवणारे पॉइंट पंख्याच्या मागे लपलेले असतात, गॅप ०.४० मि.मी. धरा. टायमिंगला सहा मिलिमीटरची सळई लागते. ती इंजिनच्या भोकातून घालून फ्लायव्हील फिरवा, सळई खाचेत बसेल तिथे टायमिंगची जागा. दोन्ही प्लग एकाच वेळी ठिणगी देतात, डिस्ट्रिब्युटर नाहीच. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं तर पॉइंटसाठी पंखा काढण्याचा त्रास कायमचा सुटतो. एवढा एक खर्च जरूर करा.

इंजिनभोवतीची पत्र्याची आवरणं दिसायला बरी नाहीत म्हणून काढून टाकायची नाहीत. पंख्याची हवा सिलिंडरवरून फिरवण्याचं काम तीच करतात. एक तुकडा राहिला तरी त्या बाजूचं सिलिंडर तापतं. पंख्यामागच्या ऑइल कूलरच्या फटी गवत-धुळीने भरलेल्या असतात, त्या ब्रशने साफ करा. किटच्या अरुंद बॉनेटमध्ये आणखी एक अडचण होते. बाहेर पडलेली गरम हवा फिरून पुन्हा पंख्यात जाते. पंख्याच्या तोंडापासून बॉनेटच्या जाळीपर्यंत रबराची कड लावून वाट बंद करा.

बॉडी चढवणं

फायबरची बॉडी रंगवण्याआधी एकदा पूर्ण बसवून, दरवाजे-बॉनेट उघडझाप करून पाहा. भोक पाडताना चिकटपट्टी लावा आणि ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवा, म्हणजे वरचा जेलकोट तडकत नाही. भोक बोल्टपेक्षा एक मिलिमीटर मोठं, वायसर रुंद, खाली रबराची पट्टी. फायबर दाबलं जाईपर्यंत आवळू नका. आज घट्ट वाटतं आणि वर्षभराने तिथून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा सुटतात.

सीटबेल्टचा एकही बोल्ट नुसत्या फायबरमध्ये जाता कामा नये. चासीला किंवा किटच्या लोखंडी सांगाड्याला, ७/१६ इंच यूएनएफ आट्यांच्या ठरावीक बोल्टनेच.

वायरिंगमध्ये नव्वद टक्के डोकेदुखी अर्थची असते. मूळ गाडीत दिवा पत्र्याला आवळला की अर्थ मिळायचा. फायबर वीज वाहत नाही. प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थची वायर देऊन ती चासीवरच्या एका स्वच्छ घासलेल्या बिंदूवर आणा. इंडिकेटर लावला की ब्रेकलाइट मिणमिणतो, हेडलाइट लावला की पेट्रोलचा काटा हलतो, असं दिसलं तर दिवे बदलत बसू नका, अर्थ शोधा.

आता उंची. बॉडी हलकी झाली की स्प्रिंगांवरचा भार उतरतो आणि गाडी उंटासारखी उभी राहते. टू-सीव्हीत पुढच्या-मागच्या चाकांचे स्प्रिंग चासीच्या बाजूच्या आडव्या डब्यात असतात, आणि तिथून निघणाऱ्या सळयांची लांबी फिरवून उंची लावता येते. किटवाल्याने दिलेलं माप घ्या, दोघंजण आत बसवून मोजा. पुढचं नाक खाली आणि शेपूट वर अशी ठेवण टाळा. दिसायला ती झोकदार वाटते, पण कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, कमी होतो आणि वळणातून स्टेअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं. आयव्हीएत नापास होण्याचं हे नेहमीचं कारण आहे, आणि रस्त्यावर तर गाडी भरकटते.

आयव्हीए

ही तपासणी डीव्हीएसए हे वाहन तपासणीचं सरकारी खातं करतं. घरी बांधलेल्या गाडीची फी ४५० पौंड, नापास झालात तर पुन्हा ९० पौंड. तपासनीसाकडे १०० मि.मी. व्यासाचा गोळा असतो. बाहेरून तो जिथे टेकतो तिथली प्रत्येक कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल असली पाहिजे. यात लोक अडकतात ते बॉडीवर नव्हे, तर मडगार्डच्या दांड्या, आरशाची टोकं, बोल्टची डोकी आणि सायलेन्सरच्या तोंडाशी. बोल्टांना प्लास्टिकच्या टोप्या, पत्र्याच्या कडांना रबरी पट्टी. आतल्या बाजूला डॅशबोर्डसाठी १६५ मि.मी.चा गोळा. तिथे चकचकीत टॉगल स्विच नकोत.

दिव्यांची मापं टेपने स्वतः घ्या. डीप हेडलाइट जमिनीपासून ५०० ते १२०० मि.मी., बाजूच्या टोकापासून ४०० मि.मी.च्या आत, दोघांत ६०० मि.मी. अंतर. गाडी १३०० मि.मी.पेक्षा अरुंद असेल तर ४०० चालतं. मागचा फॉग लॅम्प मधे किंवा उजवीकडे, २५० ते १००० मि.मी. उंचीवर, ब्रेकलाइटपासून किमान १०० मि.मी. दूर. सगळ्या दिव्यांवर, काचेवर आणि आरशांवर ई हे मान्यतेचं चिन्ह हवं. उंची बदलली की दिव्यांची मापं बदलतात, म्हणून हे शेवटी मोजा. पूर्ण काच असेल तर वायपर, पाण्याचा फवारा आणि काचेवरची वाफ घालवणारी हवा, तिन्ही लागतात.

स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये. जास्त दाखवण्याची मुभा आहे, दहा टक्के अधिक सव्वासहा मैल. म्हणजे खरे ७० मैल असताना ८३ पर्यंत चालेल, ६९ नाही. मूळ १२५ च्या जागी १३५/८० आर १५ टायर घातले तर चाकाचा घेर सुमारे पावणेतीन टक्क्यांनी वाढतो आणि काटा तितकाच मागे पडतो. कुठले टायर घालायचे ते मीटर लावण्याआधी ठरवा.

आवाजाची मर्यादा ९९ डेसिबल. धुराचा निकष इंजिनच्या वयावर ठरतो, म्हणून इंजिन कोणत्या गाडीचं आणि कोणत्या सालचं, याचा पुरावा बरोबर न्या. टू-सीव्हीचा कॉलम आणि किल्लीचं स्टेअरिंग लॉक न बदलता ठेवलंत तर त्या दोन प्रश्नांना उत्तर तयार असतं. लाकडी छोटं स्टेअरिंग नंतर बघू.

नोंदणी नसलेली गाडी आधी ठरलेल्या तपासणीला चालवत नेता येते, पण विमा हवा. तो चासी क्रमांकावर काढून देणाऱ्या, किट कारचं काम करणाऱ्या विमा कंपन्या आहेत. मूल्य आधीच मान्य करून घेणारी पॉलिसी घ्या, नाहीतर अपघातानंतर भरपाईची बोलणी तुमच्या गाडीवर नाही, जुन्या टू-सीव्हीवर होतील.

कागद पाठवताना

व्ही-६२७/१ हा बांधलेल्या गाडीचा तपशील देणारा फॉर्म, जुन्या गाडीचं व्ही-५-सी, किटचं आणि मोठ्या भागांचं बिल, फोटो. आयव्हीएची वाट असेल तर त्याचा दाखला, नोंदणीचा अर्ज आणि पहिल्या नोंदणीचे ५५ पौंड. फोटो काम चालू असतानाचे हवेत: बॉडी उतरवलेली, मूळ चासी उघडी, मग त्याच चासीवर नवी बॉडी. झालेल्या गाडीचे देखणे फोटो या कामाला फारसे उपयोगी नाहीत. पावतीवर नुसतं 'सुटे भाग' न लिहिता भागाचं नाव लिहून घ्या. मूळ कागद पाठवण्याआधी प्रत्येकाची प्रत काढा. डीव्हीएलए गाडी प्रत्यक्ष बघायला बोलावू शकतं.

जुना नंबर राहिला आणि गाडी चाळीस वर्षांच्या पुढे गेली तर ऐतिहासिक वर्गात रोडटॅक्स शून्य होऊ शकतो. त्यावरून एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचीही, सूट गृहीत धरू नका. गेल्या तीस वर्षांत मोठा बदल केलेल्या गाडीला ती लागू नाही, आणि सूट असती तरी दरवर्षी दुसऱ्या डोळ्यांनी ब्रेक-स्टेअरिंग पाहिलेलं बरं.

रस्त्यावर आल्यावर पहिल्या शंभर मैलांनी बॉडीचे, एक्सलचे आणि चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, कारण रबराच्या पट्ट्या दबून बसतात. टॅपेट पुन्हा मोजा, गिअरबॉक्सखाली पुठ्ठा टाकून रात्रभर गळती बघा. पाचशे मैलांना इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, २०-डब्ल्यू-५० सव्वादोन लिटरच्या आसपास लागतं. किंगपिनला ग्रीस मारताना जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप थांबवू नका, आणि ते करताना चाक जमिनीवरून उचललेलं ठेवा.